फणसाखालचं मशीन आणि काचेतलं विमान

राजिवड्यातल्या माझ्या दोस्ताने मला फसवलं. मी त्याला फसवलेलं नाही. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण बंदरावर ही गोष्ट उलटी सांगितली जाते, आणि सांगणारे इतके हसत सांगतात की ऐकणाऱ्याला ती खरी वाटते.

माझं रत्नागिरीत मिरकरवाड्याला बोटींच्या जुन्या इंजिनांचं दुकान आहे. जुनं इंजिन घ्यायचं, उघडायचं, नीट करायचं, विकायचं. हे मला कोणी वारशाने दिलेलं नाही. आधी मी लोट्याला एका केमिकल कंपनीत पाळ्या करायचो. एका संध्याकाळी सुपरवायझरशी असं वाजलं की कंपनीची बस खेडला पोचली तरी मी गेटवरच भांडत होतो. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो नाही, तिसऱ्या दिवशी पाना घेऊन बंदरावर बसलो. तेव्हापासून माझा मालक मीच.

या धंद्यात मी सगळ्यात आधी एक गोष्ट शिकलो. इंजिन विकणारा माणूस गिऱ्हाईक यायच्या आधी ते तास-अर्धा तास चालवून ठेवतो. गरम इंजिन कोणाच्याही हाताने सुरू होतं. त्याची खरी लायकी कळते ती रात्रभर गार पडल्यावर, सकाळच्या पहिल्या हँडलला. म्हणून घेणाऱ्याने रंग बघू नये, आवाज ऐकू नये, आधी जवळ जाऊन हेडवर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावर, तळवा ठेवावा. ऊब लागली तर चहा मागवावा, गप्पा माराव्यात, आणि इंजिन पूर्ण गार होईपर्यंत तिथून हलू नये. मी आजवर असे कितीतरी चहा प्यायलोय. माझा तळवा हेडकडे गेला की विकणाऱ्याचा चेहरा पडतो, आणि तिथून पुढचा सौदा माझा असतो.

अठ्ठ्याण्णव साली मी नवा होतो. बुरोंडीच्या एका होडीवाल्याकडून दोन सिलिंडरचं डिझेल मशीन उचललं होतं. जुनं, परदेशी, ओतीव काम असं की आता बघायला मिळत नाही. पण पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या. थंड असताना दाब धरत नसे. एकदा तापलं की मग दिवसभर तक्रार नाही. ते मी राजिवड्याच्या एका चाचांना विकलं. ती माझी पहिली विक्री. चाचा सकाळी नऊला येणार होते, मी आठपासून मशीन चालवून ठेवलं होतं. सगळेच ठेवतात. चाचा आले, मी बंद केलं, एक हँडल मारलं, धडधड सुरू. चाचा खूश. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मशीनवर ठेवला नाही, त्याला मी काय करू?

पुढची दोन वर्षं राजिवड्याच्या सगळ्या होड्या ओहोटीबरोबर भल्या पहाटे बाहेर पडत आणि चाचांची होडी सगळ्यात शेवटी. चाळीस-पन्नास हँडलं मारावी लागत. कधी हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी डिझेलमध्ये भिजवलेला बोळा पेटवून धरावा लागे. बंदरावर कोणी लग्नाला उशिरा आलं तरी लोक विचारू लागले, "काय रे, चाचाचं मशीन लावून आलास काय?" चाचा मात्र मला कधी वाकडं बोलले नाहीत. रस्त्यात भेटले की म्हणत, "चांगलं हाय बाबा मशीन. जरा उशिरा उठतं, एवढंच."

त्यापेक्षा शिवी दिली असती तर मी चार शिव्या परत देऊन मोकळा झालो असतो.

नंतर त्यांनी नवं इंजिन बसवलं आणि जुनं अंगणातल्या फणसाखाली ठेवलं. दोन वर्षांनी चाचा गेले. मशीन तिथेच राहिलं. ते अंगण नेमकं धक्क्याकडे जाणाऱ्या वाटेवर. माझ्याकडे इंजिन बघायला येणारा प्रत्येक माणूस त्या वाटेने येतो. सौदा रंगात आला, मी माल वाखाणू लागलो, की तो म्हणतो, "शेट, फणसाखालच्यासारखं नको हां." दुकानावर पाटी मी स्वतः रंगवून लावली, पण माझी खरी पाटी ती, फणसाखाली, गंज खात पडलेली.

मला ते मशीन परत हवं होतं. एवढंच. गुपचूप टेम्पोत घालून न्यायचं आणि लोकांच्या डोळ्यांसमोरून नाहीसं करायचं.

चाचांचा मुलगा म्हणजे हा माझा दोस्त. वयाने माझ्याहून बराच लहान. आखातात एका विमानतळावर सामान ओढणारे ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. चाचा गेल्यानंतर वर्षभराने कायमचा परत आला. मी तीन वेळा मशीन मागितलं. दर वेळी तो म्हणाला, "अब्बांची आठवण हाय, शेट. अम्मीला विचारा." चाचींना विचारलं की त्या म्हणत, "पोराला विचार." मी आयुष्यात मोठमोठ्या दलालांना घाम फोडलाय, पण या दोघांच्या मधून वाट काढता येईना.

आखातातून येताना त्याने सोन्याऐवजी कॉम्प्युटर आणला होता, आणि त्याला जोडायची एक दांडी. विमान उडवायचा खेळ. बारा वर्षं त्याने विमानं बाहेरून बघितली, आत बसला तो फक्त सुट्टीवर येता-जाता. आता सकाळी मासळीचा लिलाव आटपून तो घरी येई आणि विमान उडवी. कोणा पायलटने त्याला एक सीडी दिली होती. तिच्यात एकच विमान, चार माणसं बसतील एवढं, पुढे एक पंखा. पण त्याचं इंजिन, तो म्हणायचा, खऱ्यासारखं वागतं.

मी पहिल्यांदा गेलो तो मशीन मागायलाच. त्याने मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, "बघा शेट, आपली रत्नागिरी." खेळात आमची विमानाची पट्टी खरंच होती. गाव मात्र नव्हतं. भाट्याची खाडी होती, पण तिच्यावर पूल नव्हता. किल्ला नाही, जेटी नाही, माझं दुकान नाही. हिरवं रान आणि मधे एक राखाडी पट्टा.

"गाव कुठेय?" मी विचारलं.

"परदेशातल्या लोकांनी बनवलंय. त्यांना तुमच्या दुकानाचा पत्ता लागला नसेल."

"मग बरंय. फणसपण नाही दिसत तुझा."

आतून चाची हसल्या.

मला उडण्यात रस नव्हता. मला इंजिन दिसलं. मी विचारलं, हे चालू कसं करतात? त्याने दाखवलं. पडद्यावर दोन मुठी. काळी मूठ म्हणजे आपलं ॲक्सिलेटर. लाल मूठ म्हणजे पेट्रोल किती जायचं ते. या इंजिनात कार्बोरेटर नाही, पेट्रोल फवाऱ्याने थेट सिलिंडरच्या तोंडाशी जातं. लाल पूर्ण मागे, म्हणजे पेट्रोल बंद. काळी बोटभर पुढे. चावी फिरवायची. पंखा दोन-चार गिरक्या घेतो, एक भडका होतो, आणि त्याच क्षणी लाल मूठ पुढे. पेटलं.

मी केलं. पहिल्या चावीला पेटलं. पंख्याची चकती झाली, स्पीकरमधून असा आवाज आला की ओसरीवरची मांजर उठून गेली.

खोटं कशाला बोलू, मजा आली. मी दर रविवारी जाऊ लागलो. साडेनऊला पोचायचं, कारण अकराला वीज जायची. कोयनेच्या पाण्यावर पोफळीला तयार होणारी वीज आमच्या डोक्यावरून मुंबईला जाते आणि आम्ही खाली पंखे बंद करून बसतो, असे ते दिवस होते. मी जाई तेव्हा दोस्त नुकताच एक फेरी मारून उतरलेला असायचा. विमान पट्टीच्या कडेला उभं, इंजिन बंद. मी बसायचं, लाल मागे, काळी बोटभर, चावी, लाल पुढे. एकदाही चुकलं नाही. सहा रविवार झाले. चाची सांदणं आणि चहा आणून ठेवत, मी खात खात इंजिन चालू-बंद करी. बंदरावर सांगत सुटलो, की डिझेल असो नाहीतर विमान असो, इंजिन माझ्या हाताला नाही म्हणत नाही.

सातव्या रविवारी माझ्या डोक्यात आलं, की ही संधी आहे.

"पैज लावतोस?" मी म्हटलं.

"कसली?"

"हे विमान मी चालू करून दाखवतो. पुढच्या रविवारी, चार लोकांसमोर. केलं तर फणसाखालचं मशीन माझं. सांगशील ती किंमत देऊन नेतो, फुकट नको."

"आणि नाय झालं तर?"

"तर परत तोंडातून त्या मशीनचं नाव काढणार नाही."

त्याने आतल्या दाराकडे बघितलं. चाची दारात उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली. हो म्हणून की कसं, ते मला तेव्हा कळलं नाही.

आता मी सौद्यातला माणूस. शब्द दिला-घेतला की अटी घालतो, आणि अटी मीच घालतो. पहिली अट, तीन वेळा प्रयत्न. दुसरी, मी बसल्यावर मागून कोणी एक शब्द बोलायचा नाही. तिसरी अट घालताना मला स्वतःचं कौतुक वाटलं. म्हटलं, हा पोरगा सहा दिवसांत आतलं काहीतरी बिघडवून ठेवील. म्हणून बजावलं, "आजपासून रविवारपर्यंत त्या विमानाला हात लावायचा नाही. कॉम्प्युटर उघडायचादेखील नाही. मी येईन, माझ्यासमोर उघडायचा."

"हात लावायचा नाय?" त्याने परत विचारलं.

"अजिबात नाही."

"बघा हां शेट. तुम्हीच बोलताय."

"मीच बोलतोय. कबूल?"

"कबूल," तो म्हणाला, आणि चहाचा कप तोंडाला लावला. कपामागे तो हसत होता. ते मी बघितलं होतं, आणि मला वाटलं, घाबरून हसतोय.

पुढच्या रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. टेम्पोवाल्याला सांगून ठेवलं होतं. धक्क्यावरचे चौघे साक्षीदार म्हणून आले होते, त्यातला एक बर्फवाला, जो बंदरावरची प्रत्येक गोष्ट प्रत्येकाला सांगतो. दोस्ताने माझ्यासमोर कॉम्प्युटर चालू केला. विमान रत्नागिरीच्या पट्टीवर उभं होतं, नेहमीसारखं.

मी बसलो. लाल मागे. काळी बोटभर पुढे. चावी.

पंखा फिरला. फिरतच राहिला. भडका नाही. मी थांबलो.

"एक," बर्फवाला म्हणाला.

"बोलायचं नाही ठरलंय!" मी ओरडलो.

मग मी आयुष्यभर जे केलं तेच केलं. डिझेलवाल्याला एकच गोष्ट सुचते, तेल पोचत नाही. पंप चालू केला, लाल मूठ पार पुढे, काळी मूठ पार पुढे, थोडा वेळ तसंच ठेवलं, आणि चावी धरून बसलो. पंखा गरगरला, एकदा खोकल्यासारखा आवाज आला, मग नुसताच फिरत राहिला. मी चावी सोडली नाही. डिझेलला हँडल सोडायचं नसतं. पंख्याच्या गिरक्या हळू होत गेल्या. मी सोडली तेव्हा कोणी "दोन" म्हणालं नाही, पण चौघांनी एकमेकांकडे बघितलं.

तिसऱ्या वेळी मी शर्टाच्या बाह्या वर केल्या. लाल मागे घेतली, काळी बोटभर, आणि चावी. टक्. पंखा अर्धी गिरकी फिरून थांबला. बॅटरी मेली होती. त्या खेळात बॅटरीसुद्धा मरते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी टेबलावर हात आपटला. दांडी खाली पडली.

"बिघडवलंस तू! सात रविवार चालतं आणि आजच कसं मेलं?"

"मी हात नाय लावला, शेट."

"खोटं!"

"अल्लाकसम. तुम्हीच बोललात, हात लावायचा नाय. आठ दिवस नाय लावला." तो खाली वाकला, दांडी उचलली आणि टेबलावर ठेवली. "म्हणूनच तर थंड पडलं ते."

बर्फवाल्याला हसू आवरेना.

दोस्ताने मला बाजूला सरकवलं आणि सगळं पहिल्यापासून घेतलं. नवीन बॅटरी, थंड इंजिन. म्हणाला, "गरम असलं तर आत पेट्रोलची वाफ असते. लाल मागे ठेवून नुसती चावी मारली तरी पेटतं. थंडाला आधी थोडं पाजायला लागतं." काळी जराशी पुढे. पंप चालू. लाल पुढे केली, पेट्रोल किती जातंय ते दाखवणाऱ्या काट्यावर बोट ठेवलं, काटा उचलला तसं तीन अंक मोजले, आणि लाल परत पूर्ण मागे. आता चावी. चौथ्या गिरकीला भडका, लाल पुढे, पंख्याची चकती. "तुम्ही पहिल्या वेळी पाजलंच नाय. दुसऱ्या वेळी बुडवलंत."

"मग सात रविवार मला हे का नाही दाखवलंस?"

"सात रविवार तुम्ही आलात तेव्हा ते गरम होतं. मी सकाळी चालवून ठेवायचो."

हे वाक्य बोलताना त्याचा आवाज जराही बदलला नाही. पण मी त्याच्याकडे बघितलं, तो माझ्याकडे बघत होता, आणि मला कळलं, की त्याला अठ्ठ्याण्णव सालातली ती सकाळ माहीत आहे. आठ वाजल्यापासूनची.

चाची दारात आल्या. "काय झाला रे? विमान उठला नाय?"

"नाय अम्मी. उशिरा उठतं."

आता चौघेही हसले, चाची तर पदर तोंडाला लावून. मी उठलो, चपला घातल्या, अंगणात आलो. रागाने कान तापले होते. समोर फणसाखाली ते मशीन. आता त्याचं नाव काढायचं नव्हतं. टेम्पोवाला फाटकाशी उभा राहून विचारत होता, "शेट, मागचं फाळकं उघडू काय?"

चाची मागून आल्या. म्हणाल्या, "मागायचा नाय, ठरला. विकायचा नाय, ता पण ठरला. पण चालू करायचा नाय असा कोण बोलला?"

"म्हणजे?"

"त्या मशीनला हँडल मारून मारून माझ्या मालकाचा दंड पैलवानासारखा झालेला. तू एवढा मोठा मिस्त्री. थंड चालू करून दाखव. इथेच. मी बघतंय."

बर्फवाला होताच. नाही म्हणण्याची सोय राहिली नव्हती.

मी पुढचे चार दिवस दुकान बंद ठेवून त्या फणसाखाली बसलो. हेड उतरवलं, पिस्टन बाहेर काढले, रिंगा बदलल्या. रिंगा माझ्याच दुकानातल्या, नव्या. व्हॉल्व्ह घासले. फणसाचा चीक आणि पानांचा चिखल साफ करण्यात एक अख्खा दिवस गेला. येणारे-जाणारे वाटेवर थांबत, आणि एक तरी माणूस विचारी, "काय शेट, थंड आहे की गरम?" मी पाना फिरवत राही. चाची दुपारी भाकरी आणि सुक्या बांगड्याचं कालवण आणून देत आणि बाजूच्या दगडावर बसून बघत. मी काम करतोय की नाही हे बघत होत्या की नवऱ्याचं मशीन उघडलेलं बघत होत्या, मला सांगता येणार नाही. पहिल्या पिस्टनच्या रिंगा मी त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवल्या. त्यांनी एक उचलली, बोटाने चाचपली आणि विचारलं, "ह्या एवढ्याशासाठी?"

"हो चाची."

"आणि तुला ता आधी माहीत होता."

मी पाना शोधू लागलो. पाना माझ्या हातातच होता.

पाचव्या दिवशी सकाळी सात वाजता मी गेलो. मशीन रात्रभर गार पडलेलं. मी चाचींना बोलावलं आणि म्हटलं, "हेडवर तळवा ठेवा." त्यांनी ठेवला. "थंड हाय," त्या म्हणाल्या. मग दोस्तालाही ठेवायला लावला. बर्फवाल्यालाही, कारण त्यालाच पुढे सांगायचं होतं. दाब सोडणारा खटका वर केला, हँडल घातलं. एक, दोन, तीन. चौथ्याला खटका सोडला. काळ्या धुराचा एक गोळा फणसात शिरला, कावळे उडाले, आणि मशीन धडधडू लागलं. धक्क्याकडे जाणारे लोक वाटेतच उभे राहिले. चाची मोठ्याने म्हणाल्या, "आता उठतोय बघा वेळेवर!" आणि हसल्या.

मशीन अजून फणसाखालीच आहे. मी मागत नाही, शब्द तो शब्द. महिन्यातून एकदा सकाळी जातो, गार असताना चालू करतो, चहा घेतो, येतो. गिऱ्हाइकं अजूनही म्हणतात, "फणसाखालच्यासारखं द्या." पण आता वाक्यातला 'नको' गळलाय. मी त्यांना सरळ तिकडे घेऊन जातो आणि म्हणतो, ठेव तळवा.

दोस्त म्हणतो, हिशेब बरोबर झाला. मला तो मान्य नाही, आणि कधी होणारही नाही. माझं मशीन गरम होतं, कबूल. मी गप्प राहिलो, तेही कबूल; चार दिवस फणसाखाली बसून कबूल केलंय, अजून किती वेळा करू? पण माझं मशीन उघड्यावर होतं. ज्याला हात होता त्याला तळवा ठेवता येत होता. त्याचं विमान काचेच्या मागे. मी तळवा ठेवणार कुठे? तो म्हणतो, डाव्या बाजूला तापमानाचा काटा होता, तुम्ही बघितला नाहीत. अरे, जुन्या इंजिनावरच्या काट्यावर विश्वास ठेवला असता तर मी आज लोट्याच्या बसमध्ये बसलो असतो!

तेव्हा त्याने उत्तर द्यावं. अंगणात हसून नाही, चहाच्या कपामागून नाही. धक्क्यावर, लिलावाच्या वेळी, बर्फवाल्याच्या देखत सांगावं, की ज्या इंजिनाला हात लावायची सोयच नाही, ते गरम करून माणसाला सात रविवार दाखवणं हा कुठला व्यवहार? मी विचारतोय, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणार.